साळव्यांचं पाचारण

इंदुरात सुदामा नगरातल्या आमच्या मराठी मंडळाचा दिवाळी अंक काढणारे जोशी माझ्या मागच्याच गल्लीत राहतात. सकाळी फिरायला निघालं की गाठ पडतेच. दरवर्षी त्यांचं एकच पालुपद: अंकात रेल्वेतल्या माणसाने लिहून झालं, बँकेतल्याने झालं, डॉक्टर झाले, आता बिशप तेवढे राहिले. मी बिशप नव्हतो, सहायक बिशप होतो, असं सांगून मी आजवर सुटका करून घेत आलो. यंदा त्यांनी तेच धरलं. म्हणाले, "मग सहायक म्हणजे काय तेच लिहा. अर्ध्या कॉलनीला वाटतं, तुम्ही कॉन्व्हेंटचे रिटायर प्रिन्सिपल आहात."

तर आधी तेवढं सांगून टाकतो.

एका चर्चच्या मंडळीला एक पाळक असतो. रविवारची उपासना, बारसं म्हणा तसा बाप्तिस्मा, लग्नं, मयती, आजाऱ्याला भेटणं, भांडणं सोडवणं, हे सगळं तो बघतो. अशा पुष्कळ मंडळ्या मिळून एक धर्मप्रांत होतो, आणि त्याचा मुख्य म्हणजे बिशप. आमची परंपरा मूळची अँग्लिकन. तिच्यात काही गोष्टी फक्त बिशपनेच करायच्या असतात. मोठ्या झालेल्या मुलांच्या डोक्यावर हात ठेवून त्यांचं दृढीकरण करायचं, म्हणजे त्यांना मंडळीत पक्कं घ्यायचं, नवं चर्च बांधलं की ते देवाला अर्पण करायचं, आणि सगळ्यांत महत्त्वाचं, पाळक होऊ इच्छिणाऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून त्याला दीक्षा द्यायची. प्रांत मोठा असला, रस्ते वाईट असले आणि बिशपसाहेबांचे गुडघे दुखत असले, की त्यांच्या मदतीला सहायक बिशप नेमतात. त्याला ही सगळी कामं करता येतात. फक्त कुणासाठी, कुठे आणि कधी, हे त्याला ठरवता येत नाही.

एकदा माझ्या गळ्यातल्या क्रुसाची साखळी तुटली म्हणून मी सराफ्यातल्या एका म्हाताऱ्या सराफाकडे गेलो होतो. त्याने साखळी बघितली, बोटातली अंगठी बघितली, आणि मी नेमका कोण ते विचारलं. मी त्याला बराच वेळ समजावलं. तो टाका मारता मारता ऐकत होता. शेवटी म्हणाला, "यानी अंगूठी आपकी, मोहर उनकी." धर्मशास्त्राच्या पुस्तकात पानंच्या पानं खर्ची घालून इतकं स्वच्छ कुणी लिहिलेलं मी वाचलेलं नाही.

मला या कामाचा अभिमान आहे. झाबुआच्या बाजूच्या खेड्यांत मी स्कूटरवरून गेलो, बैलगाडीतून गेलो, चिखलात जोडे हातात घेऊन चालत गेलो. मला बघायला अख्खं गाव जमायचं आणि मी हातात जोडे घेतलेला बघून त्यांची निराशा व्हायची. पुढे आमचे बिशपसाहेब निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या जागी दुसरे आले आणि मी सहायकाचा सहायकच राहिलो. त्याचं मला फारसं वाईट वाटलं नाही. ज्याचं वाटलं, ते वेगळंच आहे, आणि ते इथल्या एका कापडाच्या मिलशी जोडलेलं आहे.

सहायक होण्याआधी पुष्कळ वर्षं मी मिलच्या भागातल्या एका लहानशा चर्चचा पाळक होतो. चर्च मिलच्या मागच्या भिंतीला लागूनच. मंडळी बहुतेक नगरकडून दोन पिढ्यांपूर्वी आलेली, मराठी बोलणारी, म्हणजे इंदूरची मराठी, जिच्यात वाक्य मराठीत सुरू होऊन हिंदीत चहा पिऊन परत मराठीत येतं. आजूबाजूच्या चाळींतही मराठी माणूस भरपूर. कुणी देशस्थ कारकून, कुणी महूच्या फौजी घराण्यातले बौद्ध, कुणी सोलापूरकडचे. सगळे एकाच भोंग्यावर उठणारे. पुढे सहायक झाल्यावर त्याच चर्चमध्ये मी दृढीकरणाला जायचो. पाळीवरून थेट आलेल्या पोरांच्या डोक्यावर हात ठेवला की तळव्याला कापसाचे तंतू चिकटायचे. उपासना संपल्यावर मी ते झग्याला पुसायचो आणि घरी बायको झगा झटकताना कुरकुर करायची.

याच मंडळीत देवदत्त साळवे होते. मागखात्यात विणकर. उंच, हडकुळे, केस लवकर पिकलेले. रविवारी शास्त्रवाचन त्यांच्याकडे असायचं आणि त्यासाठी आम्हाला माईक लागायचा नाही. मागखात्यात शेकडो माग एकदम चालतात, तिथे आयुष्य काढलेला माणूस हळू बोलूच शकत नाही. कानही थोडे गेलेले असतात. तिथली माणसं एकमेकांच्या ओठांकडे बघून बोलणं समजून घेतात, आणि ती सवय बाहेरही सुटत नाही. साळव्यांशी बोलताना ते डोळ्यांत बघत नसत, तोंडाकडे बघत. नव्या माणसाला ते चमत्कारिक वाटे. आम्हाला सवय झाली होती.

मग मिल बसली. बंद झाली असं कुणी म्हणत नव्हतं, बसली म्हणायचे, जशी म्हैस बसते आणि उठेल म्हणून वाट बघतात. आधी एक पाळी गेली, मग दुसरी, मग एका सकाळी फाटकावर कागद लागला. त्याच दिवसांत शहरात नवनवीन गोष्टी येत होत्या. टीव्हीवर किती तरी वाहिन्या, कोपऱ्याकोपऱ्यावर फोनचे बूथ, परदेशी थंड पेयांच्या गाड्या. पीथमपुरात नवे कारखाने निघत होते, पण त्यांना आयटीआय झालेली पोरं हवी होती. पंचेचाळिशीच्या विणकराला तिथे कुणी विचारत नव्हतं. पुरुष माणसं दिवसा घरात दिसायला लागली. बायकांना ते सहन होईना आणि पुरुषांनाही.

साळव्यांच्या शेजारी खोब्रागडे म्हणून त्यांच्याच खात्यातले एक बौद्ध गृहस्थ राहायचे. मिल बसल्यावर त्यांनी अंथरूण धरलं. आजार काही नव्हता. भिंतीकडे तोंड करून पडायचे, बोलायचे नाहीत, आंघोळ नाही, दाढी नाही. बायको रडून थकली. डॉक्टरने ताकदीची गोळी दिली. साळवे रोज सकाळी जाऊन त्यांच्या उशाशी बसू लागले. उपदेश केला नाही, प्रार्थनाही केली नाही. नुसता पेपर वाचून दाखवायचे. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत, जाहिराती, बाजारभाव, हरवले-सापडले, सगळं, आणि आवाज तो मागखात्याचा. अख्ख्या चाळीला फुकटात बातम्या कळत होत्या. असे कित्येक आठवडे गेले. एके दिवशी सोयाबीनचे भाव चालू असताना खोब्रागड्यांनी कूस बदलली आणि म्हणाले, "धीरे पढ ना भिया, मी काय बहिरा आहे का?" त्या दिवशी त्यांनी आंघोळ केली.

हे मला साळव्यांनी सांगितलं नाही. खोब्रागडे स्वतः माझ्याकडे आले होते. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट. म्हणाले, "साहेब, मी काही तुमच्या धर्मातला नाही. पण तुमच्याकडे आजाऱ्याला, दुःखी माणसाला भेटायचं कामच असतं ना? ते या माणसाला येतं. बघा, काही जमतं का."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी साळवे आले. बराच वेळ दाराशीच उभे राहिले. मग म्हणाले, क्या है कि साहेब, मला वाटतंय मला बोलावणं आलंय.

आता हे बोलावणं म्हणजे काय, ते सांगायला हवं. आमच्यात त्याला पाचारण म्हणतात. पाळक होणं ही नोकरी धरली जात नाही. देवाने त्या माणसाला आतून हाक दिली पाहिजे, आणि ती हाक खरी आहे की नाही हे मंडळीने पारखलं पाहिजे. त्यासाठी निवड समिती असते. आमच्या समितीत बिशपसाहेब, मी, एक ज्येष्ठ पाळक आणि महूचे एक निवृत्त मेजर होते. एरवी वर्षाकाठी एखाददुसरा उमेदवार यायचा. मिल बसली त्या वर्षी रांग लागली. हसण्याची गोष्ट नाही, पण हसूही यायचं. एकाला स्वप्नात येशूने पाळकाच्या बंगल्याकडे बोट दाखवलं होतं, नेमकं जिथे पाण्याची नवी टाकी बसवली होती तिकडे. दुसऱ्याला पाचारण होतं, पण इंदूरपुरतंच, झाबुआला पाठवणार असाल तर नव्हतं. बिचाऱ्यांच्या घरी चूल पेटत नव्हती. मी कुणालाही लबाड म्हणणार नाही. भुकेल्या माणसाला देवाची हाक आणि पोटाची हाक वेगळी ऐकू येत असेल का, हे मला आजही सांगता येणार नाही.

बिशपसाहेबांना मात्र ठरवणं भाग होतं. ते सज्जन होते, अभ्यासू होते, आणि सावध होते. त्यांनी मिलमधून येणाऱ्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचं ठरवलं: उद्या मिल सुरू झाली तर तुम्ही परत जाल का?

साळवे मुलाखतीला आले ते नवा शर्ट घालून. बायकोने, शांताबाईंनी, तो आणला होता. घडी मोडल्याच्या रेघा पाठीवर तशाच होत्या. छोट्या खोलीत त्यांचा आवाज घुमला. मेजरसाहेबांनी दोनदा हळू बोलायला सांगितलं. साळवे दोनदा माफी मागून पुन्हा त्याच आवाजात बोलले. शिवाय ते बोलणाऱ्याच्या ओठांकडे टक लावून बघत होते, आणि मेजरसाहेबांना तो उद्धटपणा वाटला असावा. मी मध्येच कानांचं सांगितलं, पण तेव्हा उशीर झाला होता. मग बिशपसाहेबांनी त्यांचा प्रश्न विचारला.

साळव्यांनी लगेच उत्तर दिलं नाही. खरोखर विचार केला. मग म्हणाले, "जाईन साहेब. मला माग चालवता येतो, मला तो आवडतोही. पण तोपर्यंत मी तुमचा झालो असेन तर तुम्हाला विचारूनच जाईन. तुम्ही राह म्हणालात तर राहीन."

समितीने फक्त पहिला शब्द ऐकला.

साळवे बाहेर गेल्यावर चर्चा झाली. मी खोब्रागड्यांची सगळी हकीकत सांगितली. मेजर म्हणाले, ही समाजसेवा झाली, चांगलीच आहे, पण धर्मसेवा नव्हे. ज्येष्ठ पाळक म्हणाले, वय झालंय, कानाने अधू आहे. मी म्हणालो, त्या दिवशी आलेल्या सगळ्यांत स्वतःच्या विरुद्ध जाणारं उत्तर देणारा हा एकटा माणूस होता. एक वर्ष माझ्या हाताखाली द्या, मग ठरवा. बिशपसाहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "भास्कर, खरं बोलणं हा गुण आहे. पाचारण ही वेगळी गोष्ट आहे. जो परत जाईन म्हणतो, त्याच्यावर मी हात कसा ठेवू?"

मी पुन्हा बोललो. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी जाऊन पुन्हा बोललो. त्यांनी माझं म्हणणं ऐकलं, चहा दिला, आणि निर्णय तोच ठेवला.

त्या मुलाखतींतून निवड झाली ती प्रकाश गायकवाडची. तोही मिलमधलाच, ऑफिसात होता, तिशीचा, गोड बोलणारा. त्याने उत्तर दिलं होतं की मिल सुरू झाली काय आणि न झाली काय, त्याचा मार्ग आता ठरलेला आहे.

समितीचा एक नियम आहे आणि तो योग्य आहे. आत काय बोलणं झालं ते बाहेर जात नाही. कोण बाजूने, कोण विरुद्ध, हे उमेदवाराला कधीच कळत नाही. निर्णय सगळ्यांचा असतो. नाही तर समितीवर बसायला कुणी धजणार नाही आणि मंडळीत तट पडतील. आणि नकार कळवायचं काम नेहमी सहायकाचं. बिशपसाहेब म्हणाले, "तुमच्याच ओळखीतले आहेत, तुम्ही जाऊन सांगितलेलं बरं."

मी साळव्यांच्या खोलीवर गेलो. शांताबाईंनी पोहे केले होते, वर जिरावन, म्हणजे इकडचा पोह्यांवरचा मसाला, टाकलेले. मी ते खाल्ल्याशिवाय बोलू शकलो नाही आणि खाऊन झाल्यावर तर आणखीच कठीण झालं. शेवटी म्हणालो, "साळवे, आम्ही या वेळी दुसऱ्याला घ्यायचं ठरवलंय."

ते माझ्या तोंडाकडे बघत होते. म्हणाले, "आम्ही म्हणजे सगळ्यांनी?"

"समितीने," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. "ठीक है साहेब." मग मला दारापर्यंत सोडायला आले आणि स्कूटर वळवून दिली.

पुढचे काही रविवार ते शास्त्र वाचायला आले. नंतर पीथमपुरात एका कारखान्याच्या गेटवर उभं राहण्याचं काम मिळालं, रविवारची सुट्टी नसलेलं. कुटुंब तिकडे गेलं. मी पत्ता मिळवून एकदा गेलो तर खोली बदलली होती. मंडळीतली अशी किती तरी घरं त्या दोन-चार वर्षांत उठली. कुणी सुरतेला गेलं, कुणी पुण्याला. चर्चमधल्या मागच्या बाकांवर धूळ बसू लागली. पुढे त्या चर्चमध्ये दृढीकरणाला जायचं कारणच उरलं नाही, कारण त्या वयाची मुलंच राहिली नव्हती.

प्रकाश गायकवाड मात्र चांगला पाळक निघाला. हे मला मुद्दाम लिहायचं आहे. तो निकामी निघाला असता तर मला बरं पडलं असतं. निदान कुणावर तरी बोट ठेवता आलं असतं. पण झाबुआकडच्या दूरच्या खेड्यात त्याने मन लावून काम केलं, भिलांची भाषा शिकला, लोकांना तो हवाहवासा झाला. त्याला दीक्षा देताना त्याच्या डोक्यावर हात मीच ठेवला होता. माझ्या निरोपसमारंभाला तो इतक्या लांबून आला. जेवणं झाल्यावर बाजूला घेऊन म्हणाला, साहेब, एक सांगायचं होतं. तेव्हा मिल सुरू झाली असती ना, तर मी पहिल्या भोंग्याला गेलो असतो. मी त्याला म्हटलं, तुझं बोलावणं नंतर आलं असेल. ते खरंही असावं. पण घरी जाताना मला साळव्यांचं उत्तर आठवत राहिलं.

माझ्या निवृत्तीच्या सुमारास नवे बिशप आले. वयाने तरुण, विचाराने मोकळे. पाळक कमी पडत होते, तेव्हा त्यांनी एक नवी सोय काढली. माणसाने आपली नोकरी किंवा धंदा सोडायचा नाही, आठवडाभर तो करायचा आणि रविवारी पाळकाचं काम करायचं. वयाची अटही सैल केली. मला त्यांनी सल्ला विचारला, तुमच्या माहितीत कुणी आहे का? माझ्या तोंडून चटकन नाव निघून गेलं. त्यांनी मागची सगळी हकीकत ऐकून घेतली आणि म्हणाले, "मग जाऊन बोलावून आणा. मी तयार आहे. हात तुम्हीच ठेवा."

साळवे कुठे आहेत ते खोब्रागड्यांच्या मुलाकडून कळलं. तो आता बँकेत आहे. खोब्रागडे वारले होते, पण दोन्ही घरांचं जाणं-येणं टिकून होतं. साळवे मानपुरात होते, मुंबईच्या रस्त्यावरच्या एका वजनकाट्यावर. मालाने भरलेले ट्रक जिथे तोलतात तो काटा, इकडे त्याला धरमकाटा म्हणतात. शांताबाई गेल्या होत्या, मुलगी लग्न होऊन देवासला होती. साळवे तिथेच मागच्या खोलीत एकटे राहत होते.

मी बसने गेलो. वाटेत महू गेलं, माझं गाव, पण मला खिडकीतून बाहेर बघायचं सुचलं नाही. मनात सगळं जुळवत होतो. दीक्षाविधी कोणत्या रविवारी ठेवायचा, शास्त्र कोणतं वाचायचं, खोब्रागड्यांच्या मुलाला बोलवायचं. मी बऱ्याच दिवसांत इतका आनंदात नव्हतो.

साळव्यांनी मला ओळखलं. केस पूर्ण पांढरे, चष्मा, बाकी तेच. आवाज खाली आला होता. ट्रकच्या रस्त्यावर राहूनही तो खाली आला होता. त्यांनी माझ्यासाठी खुर्ची पुसली, समोरच्या हॉटेलातून चहा मागवला, आणि मी सगळं सांगितलं. नवी सोय, नवे बिशप, वयाची अट. इथेच मानपुरात आमची पाच-सहा घरं होती, त्यांना पाळक नव्हता. हे काम सोडायचीही गरज नव्हती.

ते नेहमीप्रमाणे माझ्या ओठांकडे बघत होते. मी थांबलो तरी बघत राहिले.

मग म्हणाले, "नाही जमणार साहेब."

मी कारण विचारलं. तब्येत म्हणा, वय म्हणा, सगळ्यावर माझ्याकडे उत्तर तयार होतं.

"तसं नाही," ते म्हणाले. "तुमची समिती पुन्हा विचारेल, बोलावणं आहे का. मला नाही म्हणावं लागेल. तेव्हा होतं. आता नाही."

मी विचारलं, कधी गेलं?

त्यांनी तेही विचार करून सांगितलं. ज्या दिवशी मी नकार घेऊन घरी गेलो होतो त्या दिवशी नव्हे. तेव्हा फक्त वाईट वाटलं होतं. नंतर पीथमपुरात गेटवर उभं राहताना हळूहळू वाटत गेलं, की बिशपसाहेब आपल्याला ओळखत नव्हते, मेजर ओळखत नव्हते, पण हे साहेब तर इतकी वर्षं ओळखत होते. त्यांनीही नाही म्हटलं, म्हणजे जे ऐकू आलं ते आपलंच मन असणार. कान तर आपले गेलेलेच आहेत. हे शेवटचं ते थोडं हसून म्हणाले.

समितीतलं बाहेर सांगायचं नाही. पण जुने बिशपसाहेब देवाघरी गेले होते, मेजर गेले होते, ज्येष्ठ पाळकही. नियम पाळून आता कुणाची अब्रू राखायची होती? मी म्हणालो, "साळवे, मी नाही म्हटलं नव्हतं. मी तुमच्यासाठी भांडलो होतो. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी जाऊन पुन्हा भांडलो होतो."

तेवढ्यात काट्यावर एक ट्रक चढला. ते उठून गेले, वजन बघितलं, ड्रायव्हरशी दोन शब्द बोलले, त्याला वाट करून दिली. परत येऊन बसले तेव्हा त्यांचा चेहरा बदललेला होता.

"हे मला तेव्हा कळतं ना साहेब," ते म्हणाले, "तर मी धरून ठेवलं असतं."

इतकंच. त्यात तक्रार नव्हती. तक्रार असती तर मला उत्तर देता आलं असतं, नियम समजावता आला असता, आणि तो योग्यच आहे हेही सांगता आलं असतं. मी आजही त्या नियमाच्या बाजूने बोलेन. पण एका माणसाला, फक्त एका माणसाने तुझ्यावर विश्वास ठेवला होता एवढं सांगितलं असतं तर चर्च कोसळलं नसतं, असं मला त्या खुर्चीत बसल्या बसल्या वाटलं, आणि अजूनही वाटतं.

चहा गार झाला होता. त्यांनी दुसरा मागवला. आम्ही घरच्या गोष्टी बोललो, त्यांच्या मुलीच्या, माझ्या नातवंडांच्या, शांताबाईंच्या आजाराच्या. बसची वेळ झाली तशी मी उठलो. आमच्यात रिवाज आहे की पाळक घरी आला तर निघताना प्रार्थना करतो. साळवे हात जोडून उभे राहिले, माझी वाट बघत. मी म्हणालो, "आज तुम्ही करा."

ते गोंधळले. रस्त्याकडे बघितलं, ट्रक येत नव्हता. मग त्यांनी डोळे मिटले आणि हळू आवाजात, अडखळत, सुरुवात केली. माझ्या प्रवासासाठी मागितलं, माझ्या बायकोच्या तब्येतीसाठी मागितलं, खोब्रागड्यांच्या मुलाबाळांसाठी, आणि पुढच्या घाटात त्या दिवशी उतरणाऱ्या सगळ्या ड्रायव्हर लोकांसाठी. स्वतःसाठी त्यांनी काही मागितलं नाही. थांबले, आणि ऐकणाऱ्याने प्रार्थनेला 'तसंच होवो' म्हणावं म्हणून उभे राहिले.

मी आमेन म्हणालो.